आधी फोटो, मग पक्कड



ऑक्टोबर संपत आला की आमच्या चर्चच्या स्वयंसेवकांकडे दरवर्षी एक काम येते. 2 नोव्हेंबर हा मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या दिवशीच्या मिस्सासाठी आम्ही चर्चच्या दाराशी एक मोठा फळा उभा करतो आणि प्रभूकडे गेलेल्या आपल्या माणसांचे फोटो त्यावर लावतो. लोक घरच्या भिंतीवरची फ्रेम उतरवून, जुन्या टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे आणून देतात. कुणाची काच तडकलेली असते, कुणाच्या पट्टीला वाळवी लागलेली असते, कुणाचा मागचा पुठ्ठा पावसाने फुगलेला असतो. मग आम्ही दोघे-तिघे ते ओझे स्कूटरवर सांभाळत खडेबाजार गाठतो. शहापुरातही एक खडेबाजार आहे, पण आम्ही म्हणतो तो गणपत गल्लीजवळचा. सणासुदीला तिथे स्कूटर लावायला जागा मिळाली तर तोही एक छोटा चमत्कारच समजावा.

या कामातली एक चूक आम्हांला अजून टोचते. आज जे मत मांडणार आहोत ते त्या चुकीतूनच आले आहे, म्हणून ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका मावशींनी त्यांच्या यजमानांचा फोटो दिला. काळा-पांढरा, स्टुडिओत काढलेला, लग्नानंतर लगेचचा. यजमान लवकर गेले. त्यांचा दुसरा फोटो घरात नव्हता. काच धुरकट झाली होती आणि फोटोचा वरचा भाग काचेला चिकटल्यासारखा दिसत होता. मावशी म्हणाल्या, "काच तेवढी बदलून घ्या, बाळांनो." आम्ही एका दुकानात फ्रेम दिली. दुकान कोणते ते सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक दुकानाइतकीच आमचीही होती. काउंटरवरच्या मुलाने पक्कड घेतली, मागचे खिळे सटासट उपसले, पुठ्ठा काढला आणि फोटो धरून ओढला. एक बारीकसा आवाज झाला. कागद हातात आला, पण कपाळ आणि एक डोळा काचेवरच राहिला.

आम्ही तिघे तिथे उभे होतो. तिघांच्याही खिशात कॅमेरा असलेला मोबाईल होता. खिळे उपसण्याआधी एक फोटो काढून ठेवावा हे तिघांपैकी एकालाही सुचले नाही. अर्ध्या मिनिटाचे काम होते.

मावशींना सांगायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "जाऊ दे," म्हणाल्या आणि थोड्या वेळाने विचारले, "ती काच कुठं आहे?" आम्ही काच नेऊन दिली. त्यांनी ती सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवली.

तेव्हापासून आमचे एक ठाम मत झाले आहे. फ्रेमच्या दुकानात पक्कड, करवत आणि काच कापायची हिऱ्याची लेखणी यांच्याही आधी हाताशी असावा तो साधा डिजिटल कॅमेरा. आणि ज्या दुकानात तो नसेल, तिथे फोटो नेणाऱ्याने "आधी याचा फोटो काढू द्या, मग उघडा" असे म्हणायला संकोचू नये. भक्तीच्या लेखात फ्रेमवाल्याचा कॅमेरा कशाला, असे कुणी विचारेल. त्यांनी निर्गमचा 22 वा अध्याय उघडून पाहावा. सीनायवर दहा आज्ञा दिल्यानंतर फार दूर न जाता देव आपल्या लोकांशी बोलतो ते शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे ठेवलेल्या वस्तूंविषयी आणि जनावरांविषयी. ठेव चोरीला गेली तर काय, बैल मेला तर काय, कुणी पाहिलेच नसेल तर दोघांमध्ये निवाडा कसा करायचा. जनावर हिंस्र पशूने फाडले असेल तर उरलेला भाग पुरावा म्हणून आणून दाखवायचा, असेही तिथे आहे. इतक्या बारीक गोष्टीत देव लक्ष घालतो. बैलासाठी पुरावा मागणाऱ्या देवाला विधवेच्या नवऱ्याच्या एकुलत्या एका फोटोची काळजी नसेल असे आम्हांला वाटत नाही.

तोबीतच्या पुस्तकातही अशीच एक ठेव आहे. (आपल्या प्रोटेस्टंट बंधूंच्या शास्त्रात हे पुस्तक नाही, त्यांनी ते गोष्ट म्हणून वाचावे.) म्हातारा, आंधळा झालेला तोबीत दूरच्या गावी विश्वासाने ठेवलेली चांदी आणायला मुलाला पाठवतो, तेव्हा सोबत सही केलेल्या दस्तऐवजाची खूण देतो. आणि ज्याच्याकडे ठेव होती तो गबाएल पिशव्या काढतो तेव्हा त्यांच्यावरचे शिक्के जसेच्या तसे असतात. विश्वास होता, तरी दस्तऐवजही होता आणि शिक्केही होते. त्यामुळे विश्वासाला कमीपणा आला नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही दुकान शोधत फिरलो आणि खडेबाजारातल्याच एका काकांकडे जाऊ लागलो. ते ख्रिस्ती नाहीत. दुकान अरुंद, भिंतीवर पट्ट्यांचे नमुने, मागे माळ्यावर काचा. काउंटरवर एक जुना डिजिटल कॅमेरा तीन पायांच्या छोट्या स्टँडवर तोंड खाली करून बसवलेला असतो. फ्रेम आली की काका ती कॅमेऱ्याखाली ठेवतात, शेजारी पावतीचा नंबर लिहिलेला कागद ठेवतात आणि चार फोटो घेतात: पूर्ण फ्रेम, जवळून चित्र, मागची बाजू, आणि जिथे डाग, भेग किंवा फाटलेले असेल तो भाग. मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर गिऱ्हाइकाला दाखवतात. "बघा, हा डाग आधीचाच आहे. हे कोपऱ्यात फाटलंय ते पण आधीचंच." गिऱ्हाईक मान डोलावते. त्यानंतरच पक्कड हातात येते.

ही पद्धत कशी सुरू झाली ते आम्ही त्यांना विचारले. ते हसले. "एकदा भांडण झालं ओ. गिऱ्हाईक म्हणालं, डाग तुम्हीच पाडला. माझ्याकडं दाखवायला काय न्हवतं. नुकसान भरून दिलं गप." म्हणजे सुरुवात स्वतःला वाचवण्यासाठीच झाली होती. त्यात आम्हांला काही कमीपणा दिसत नाही. खरी साक्ष दोन्ही बाजूंना वाचवते. उद्या त्यांच्याच हातून काही बिघडले तर तोच फोटो त्यांच्याविरुद्धही बोलेल, हे त्यांना ठाऊक आहे, आणि तरीही ते रोज फोटो काढतात.

आता थोडे कामाचे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असे फोटो आहेत. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असते. बेळगावचा पाऊस आपल्याला नवा नाही. जूनपासून भिंती ओल धरतात. फोटो थेट काचेला टेकलेला असेल तर ओलीने तो थर फुगतो, मऊ होतो आणि पुढे वाळताना काचेला धरून बसतो. अशा वेळी ओढले की थर काचेवर राहतो आणि हातात नुसता कागद येतो. म्हणून चिकटलेला फोटो काढायचाच नाही. तो काचेसकट, आहे तसा, काचेतूनच कॅमेऱ्याने टिपायचा. त्या प्रतीवरून नवा फोटो छापून घ्यायचा आणि मूळ काचेसकट कपड्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवायचा. नवी फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची चौकट घालायला सांगा. तेवढी फट राहिली की पुढच्या पावसाळ्यात तो काचेला टेकत नाही. माउंटचे चार पैसे वाचवू नका.

काचेतून फोटो घेताना फ्लॅश बंद. फ्लॅश लावला की चेहऱ्याच्या जागी पांढरा गोळा येतो. उजेड खिडकीचा किंवा दोन्ही बाजूंनी तिरपा. काचेत कॅमेऱ्याचे आणि आपलेच प्रतिबिंब दिसत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून भिंग बाहेर काढायचे आणि कापड आपल्यासमोर धरायचे. काका यासाठी जुन्या छत्रीचे कापड वापरतात. कॅमेरा फोटोशी अगदी समांतर हवा, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो आणि माणूस एका बाजूला कललेला दिसतो.

मोबाईल का नको, हा प्रश्न आमच्यातल्या तरुणांनी लगेच विचारला. घाईत, आणि दुसरे काही नसेल तेव्हा, मोबाईल जरूर वापरा. त्या दिवशी आम्ही तो वापरला असता तर मावशींचा फोटो वाचला असता. पण दुकानासाठी वेगळा कॅमेरा हवा हे काकांचे म्हणणे आम्हांला पटले, आणि त्याचे कारण यंत्रापेक्षा माणसाशी जोडलेले आहे. ते म्हणाले, "मोबाईल घरी जातो. पोरं बघतात, कुणाला पाठवतात. कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या गल्ल्यात ऱ्हातं." फ्रेमच्या दुकानात काय काय येते याचा विचार करा. मुलीचा साखरपुड्यातला फोटो. कुणाची पदवी, कुणाचा बाप्तिस्म्याचा दाखला. रुग्णालयातल्या शेवटच्या दिवसांतला आजोबांचा चेहरा. हे सगळे लोक अनोळखी माणसाच्या हातात देतात, कारण चौकट करून हवी असते. त्याची प्रत दुकानातल्या पोराच्या मोबाईलवर वर्षानुवर्षे पडून राहावी असे कुणी म्हटलेले नसते. काका काम पोचते केल्यावर महिनाभर फोटो ठेवतात आणि मग कार्डावरून पुसतात. कुणाला ती प्रत हवी असेल तर पेन ड्राइव्हवर देतात.

कॅमेऱ्याची आमची बाजू आम्ही घेतो आहोत, तर त्याचा हा धोकाही तितक्याच जोराने सांगायला हवा. ठेव म्हणजे फक्त कागद नव्हे. ठेवीची प्रत हीसुद्धा ठेवच आहे. पूर्वी फोटोची प्रत करायची तर स्टुडिओत न्यावा लागे, निगेटिव्ह बनवावी लागे, पैसे पडत. आता बटण दाबले की प्रत झाली, आणि म्हणूनच ती किती सहज पुढे जाते याचे भान राहत नाही. दुकानदाराला सरळ विचारा: हा फोटो तुम्ही कुठे ठेवणार, किती दिवस? विचारण्यात अपमान नाही. आणि आम्ही स्वयंसेवकही यातून सुटत नाही. फळ्यासाठी आलेले फोटो आमच्या व्हॉट्सॲप गटावर पडून होते. दोन वर्षांपूर्वी ते आम्ही काढून टाकले आणि ज्या कुटुंबांचे होते त्यांची क्षमा मागितली. काहींना आम्ही क्षमा का मागतो आहोत तेच कळले नाही.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॅमेऱ्यातले घड्याळ. बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की अनेक कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते आणि आज काढलेल्या फोटोवर कुठल्यातरी जुन्या वर्षाची 1 जानेवारी नोंदली जाते. साक्षीदारच चुकीची तारीख सांगू लागला तर त्याचा काय उपयोग? म्हणून काका पावतीचा कागद फोटोत ठेवतात. साधी युक्ती आहे, पण यंत्रावर डोळे झाकून विसंबायचे नाही हे त्यात आले.

मागची बाजू टिपण्याबद्दल आम्हांला विशेष सांगायचे आहे. आपल्या सीमाभागातले जुने फोटो मागून वाचायचे असतात. समोर एक तरुण गणवेशात उभा असतो, मागे पेन्सिलीने नाव, महिना, कुणाला पाठवला ते. कधी स्टुडिओचा गोल शिक्का असतो आणि त्यावरून कळते की फोटो बेळगावात नाही, कोल्हापुरात किंवा पुण्यात काढलेला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात असल्यामुळे शिपायाचा फोटो तर घरोघर सापडतो. एकाच फोटोमागे आजोबांचे अक्षर मराठीत आणि नातवाचे कानडीत असेही आम्ही पाहिले आहे. फ्रेमवाला नवा हार्डबोर्ड लावतो, कडेने चिकटपट्टी मारतो, आणि ते अक्षर आत गडप होते. पुढची पिढी नाव विचारते तेव्हा सांगणारा कुणी उरलेला नसतो. यहोशवाने यार्देनेतून बारा दगड उचलून आणायला लावले ते याचसाठी, की मुले विचारतील तेव्हा सांगता यावे. मागच्या बाजूचा फोटो काढा आणि त्याची एक छोटी प्रत नव्या हार्डबोर्डावर बाहेरून चिकटवा.

आता जो भाग आम्हांला सर्वांत अवघड वाटतो त्याकडे येतो. फोटो एकदा कॅमेऱ्यातून संगणकावर गेला की तो फक्त साक्ष राहत नाही. तो बदलता येतो.

निपाणीकडून आमच्या धर्मग्रामात येऊन राहिलेल्या एका कुटुंबाने वडिलांचा फोटो दिला. वडील तंबाखूच्या वखारीत राबले. फोटोत डोक्याला मुंडासे, अंगात कॉलर विरलेला सदरा, गालावर जुनी खूण. मुलगा चांगल्या नोकरीला आहे. त्याने एका दुकानात सांगून वडिलांना कोट आणि टाय चढवला, मुंडासे काढून केस लावून घेतले, गालावरची खूण पुसली, रंग उजळ केला. फोटो सुरेख झाला. 2 नोव्हेंबरला वडिलांची थोरली बहीण आली. फळ्यासमोरून दोनदा गेली. मग आमच्याकडे येऊन म्हणाली, "आमच्या भावाचा फोटो लावायला विसरलात काय ओ?"

मुलाला आम्ही दोष देत नाही. बापाला आयुष्यात जे मिळाले नाही ते निदान चौकटीत मिळावे, ही त्याची माया होती. पण आमचे मत स्पष्ट आहे: हे करू नये. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा, आपण कॅथलिक तिला आठवी म्हणतो आणि आपले मेथॉडिस्ट शेजारी नववी, ती चेहऱ्यालाही लागू आहे. योहानाच्या 20 व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत जखमांच्या खुणा आहेत. मरणाला जिंकणाऱ्याला त्या पुसणे कठीण नव्हते. त्याने त्या ठेवल्या, आणि थोमाने त्याला त्याच खुणांवरून ओळखले. वखारीतल्या माणसाच्या बहिणीने तरी भावाला दुसरे कशावरून ओळखायचे?

यात एक फरक मात्र करायला हवा. कागदावर पडलेली बुरशी, घडीची रेघ, कसरीने खाल्लेला कोपरा, हे त्या माणसाचे नाही. ते काळाने वरून टाकलेले आहे. ते संगणकावर साफ करून घ्यावे. जुने रंगीत फोटो कालांतराने तांबूस पडतात, कारण त्यातला निळा रंग आधी उडतो. तो तोल सावरून घेण्यातही काही गैर नाही. आणि कधीकधी तर कॅमेऱ्यामुळे डोळ्यांना न दिसणारा चेहरा दिसू लागतो. तुरीनच्या कफनाचा पहिला फोटो 1898 च्या मे महिन्यात सेकोंदो पिया नावाच्या वकिलाने काढला. काचेच्या निगेटिव्हवर त्याला जो स्पष्ट चेहरा दिसला तो कापडावर कुणाला तसा दिसला नव्हता. पुष्कळांनी त्याच्यावर लबाडीचा आरोप केला. 1931 मध्ये दुसऱ्या छायाचित्रकाराने फोटो काढले तेव्हा तेच दिसले आणि पियावरचा डाग गेला. कफन खरे की नाही याविषयी इथे वाद घालायचा नाही. पियाने त्या चेहऱ्यात स्वतःचे काही घातले नव्हते, एवढेच आम्हांला यातून घ्यायचे आहे.

तरी रेघ नेहमी सरळ पडत नाही. एका मुलीकडे आईचा जवळचा असा एकच फोटो होता, रुग्णालयातला, नाकात नळी असलेला. तिने ती नळी काढून द्या म्हटले. आम्ही तिच्यासोबत दुकानात गेलो आणि काकांनी ती काढून दिली. नळी आईची नव्हती, रुग्णालयाची होती, असे आम्ही स्वतःला समजावले. आजही ते चुकले असे वाटत नाही. पण मूळ फोटोही जपून ठेव, असे तिला सांगितले. आईने ते दिवस खरोखर सोसले होते.

हल्ली संगणक स्वतःच काळ्या-पांढऱ्या चेहऱ्याला रंग भरतो, मिटलेले ओठ हसरे करतो. आम्हांला ते पाहून भीती वाटते. आपल्या आजीचे लुगडे हिरवे होते की जांभळे हे त्या यंत्राला कोणी सांगितले? घरात कुणाला ठाऊक असेल तर गोष्ट वेगळी.

इथे एक बाजूचा विचार. मराठीत आपण चौकटीतल्या प्रत्येक चित्राला "फोटो" म्हणतो. येशूच्या पवित्र हृदयाचा फोटो, मरियामातेचा फोटो. फ्रेमवाल्यांचा धंदाच मुळात अशा छापील चित्रांवर वाढला. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे भिंतीभिंतीवर गेली, तेव्हा त्यांना चौकट आणि काच कुणीतरी घालतच असणार. पण प्रभूचा फोटो कुणी काढलेला नाही. तिथे चित्रकार आपल्या भक्तीने चेहरा रंगवतो आणि ते त्याने करावे. गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहिलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा आपल्यातल्याच लोकांनी त्यांच्यावर टीका केली. आम्हांला ती चित्रे जवळची वाटतात. चित्रकाराला ती मोकळीक आहे, कारण तो आपली प्रार्थना रंगवतो. वडिलांचा फोटो मात्र कुणाची कल्पना नव्हे. त्या दिवशीचा उजेड खुद्द त्यांच्या चेहऱ्यावरून निघून कागदावर उतरलेला आहे. म्हणूनच मावशींना काचेवर राहिलेला डोळाही हवा होता.

चित्रांचा विषय निघाला की काही बंधू विचारतात, मुळात फळ्यावर फोटो लावून त्यांपुढे मेणबत्ती लावणे बरोबर आहे का? प्रश्न योग्य आहे. मोशेने देवाच्या आज्ञेने केलेला पितळी साप लोक धूप जाळून पुजू लागले तेव्हा हिज्कीयाने तो फोडून टाकला (2 राजे 18). आम्ही मेणबत्ती लावतो ती त्या माणसासाठी प्रार्थना करताना. फोटोकडे काही मागत नाही. कुणी मागत असेल तर आम्हीही हिज्कीयाच्या बाजूचे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगायच्या राहिल्या. फोटो मोठा करून घेताना आकाराकडे लक्ष द्या. बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोटो लांबट येतो. 8 बाय 12 इंचांत तो नेमका बसतो. तोच 8 बाय 10 च्या तयार फ्रेममध्ये घालायचा म्हटले की लांबीतून दोन इंच कापावे लागतात. रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबात मग कडेची आत्या अर्धी होते, आणि कडेला उभी राहणारी ही नेहमी तीच असते जिला आधीही कुणी मध्ये उभे केले नव्हते. फ्रेमवाल्याला सांगा, कापू नका, वर-खाली पांढरी जागा सोडा. 12 बाय 15 चा फोटो छापायचा तर प्रत इंचाला 200 ठिपके धरले तरी 2400 बाय 3000 ठिपके लागतात, म्हणजे 7 मेगापिक्सेलच्या थोडे वर. जुना साधा कॅमेराही तेवढे देतो. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र वाटेत लहान होतो; पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चेहरा 12 बाय 15 वर ठोकळ्यांचा दिसला की लोक दुकानदाराला बोलतात, त्याचा त्यात काही दोष नसतो.

काका संगणकावर वेगवेगळ्या पट्ट्या फोटोभोवती लावूनही दाखवतात. त्याने माणूस महागडी पट्टी निवडतो असे आमच्या ध्यानात आले आहे. आपल्या खिशाप्रमाणे घ्या. सोनेरी पट्टीने आजोबा मोठे होत नाहीत.

या वर्षी आम्ही पद्धत बदलली आहे. फोटो आता दुकानात न्यायचेच नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन रविवारी, मिस्सानंतर, चर्चच्या हॉलमध्ये खिडकीजवळ एक टेबल मांडू. कॅमेरा आपल्याच एका कुटुंबाने दिला आहे. स्टँड आणि काळे कापड कसे बांधायचे ते काकांनी येऊन दाखवायचे कबूल केले आहे. रविवारी दुकान बंद असते, चहा तेवढा द्या, म्हणाले. फ्रेम तुमच्या डोळ्यांसमोर टिपली जाईल आणि लगेच तुमच्या हातात परत येईल. प्रत फळ्यासाठी छापू, एक तुम्हांला देऊ, आणि 30 नोव्हेंबरला कार्ड कोरे करू. ते करताना कुणाला समोर बसायचे असेल त्यांनी अवश्य यावे.

मावशींनाही आम्ही बोलावले आहे. काच आणि उरलेला कागद, दोन्ही घेऊन या, असे सांगितले. काचेवरचा भाग आणि कागदावरचा भाग वेगवेगळा टिपून संगणकावर जुळवता येतो का ते काका पाहणार आहेत. जमेल असे त्यांनी कबूल केलेले नाही. मावशींनी विचारले, "काच पुसून आणू का?" घाईघाईने आम्ही नको म्हटले. तुम्हीही पुसू नका, ओल्या फडक्याने तर नाहीच. जशी आहे तशी आणा.